हायटस हर्नियाची पहिली केस स्वतः कधी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एमएस होऊन चार वर्षं झाली, वडोदऱ्यातल्या एका मध्यम हॉस्पिटलात दुर्बिणीतून गॉलब्लॅडर आणि अपेंडिक्स नियमित करता. हायटस हर्निया म्हणजे श्वासपटलातल्या अन्ननलिकेच्या वाटेतून (हायटसमधून) जठर छातीत सरकणं. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही त्यावरचं फंडोप्लिकेशन, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवणं, पाहिलंत, डुकराच्या जठरावर टाके घालून पाहिलेत आणि आता पुढच्या महिन्यात एका पेशंटला तारीख द्यायची आहे. एवढी तयारी पुरे का, हायटस शिवताना आधाराला जाळी लावावी का आणि पुढे अन्ननलिकेच्या कॅन्सरकडे वळता येईल का, असं विचारलंत.

तारीख देऊ नका, हे आधी सांगतो. मी इथल्या एसएसजी हॉस्पिटलात रेसिडेन्सी केली आणि गेली वीस-बावीस वर्षं याच शहरात हायटसची आणि अन्ननलिकेची सर्जरी करतो. तुमचा हात चांगला असणार, याबद्दल मला शंका नाही. चार वर्षं दुर्बिणीवर काम केलेल्या माणसाला सुई धरता येते, गाठ मारता येते. पण माझ्या पाहण्यात ही ऑपरेशनं हातामुळे जितकी बिघडतात, त्याहून जास्त चुकीचा पेशंट टेबलावर घेतल्यामुळे बिघडतात. वर्कशॉपमध्ये हा भाग दिसतच नाही. तिथे पेशंट निवडलेला, तपासलेला, भूल देऊन झाकलेला असतो आणि पडद्यावर थेट लिव्हर उचललेलं दिसतं.

माझी सुरुवातीची एक केस सांगतो. पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. छातीत जळजळ, आंबट ढेकर, पँटोप्राझोलने फारसा फरक नाही. स्कोपीत छोटा हायटस हर्निया दिसला. मॅनोमेट्रीसाठी, म्हणजे अन्ननलिकेचा आणि तिच्या झडपेचा दाब मोजायला, तेव्हा बाहेरगावी पाठवावं लागे. हर्निया तर डोळ्यांनी दिसतोय, मग कशाला त्रास, असं म्हणून मी ती टाळली. ऑपरेशन देखणं झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांना पाणीसुद्धा उतरेना. बेरियम पाजून एक्स-रे काढला, तर अन्ननलिका फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली. अ‍ॅकलेझिया. यात अन्ननलिकेची खालची झडप नीट उघडतच नाही. म्हणजे जी झडप सैल करायला हवी होती, तिच्याभोवतीच मी जठराची गुंडाळी घालून ठेवली होती. त्यांचे यजमान न रागावता एवढंच म्हणाले, "साहेब, पहेले दिवसे ज कह्युं हतुं के कोळियो अटके छे." घास अडकतो, हे पहिल्याच दिवशी खरंच सांगितलं होतं. मी ऐकलं होतं आणि केसपेपरवर "अ‍ॅसिडिटी" लिहून मोकळा झालो होतो.

माझ्या एका सीनियरनी तो रॅप, म्हणजे ती गुंडाळी, सोडवला, हेलर मायोटॉमी करून झडपेचा स्नायू कापला आणि पुढच्या बाजूने डॉरचा अर्धा रॅप घातला. मी कॅमेरा धरला. बाई पुढे नीट जेवू लागल्या, पण ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला मी पहिले काही आठवडे ओपीडीत बसवतो, ओटीत नाही. आपल्या गावात पेशंट गुजरातीत बोलतो, आपण मनात मराठीत किंवा इंग्रजीत भाषांतर करतो आणि त्या भाषांतरात "बळतरा" आणि "अटके छे" यांतला फरक पुसला जातो. जळजळ हा एक आजार, घास अडकणं हा दुसराच असू शकतो. अ‍ॅकलेझियातही जळजळ होते, कारण अडकलेलं अन्न आतच आंबतं. पाणीही अडकतं का, रात्री उशीवर न पचलेलं अन्न येतं का, वजन उतरलंय का, हे प्रत्येकाला त्याच्याच भाषेत विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा.

तपासण्यांमध्ये माझ्याकडे तडजोड नाही. स्कोपी, बेरियम आणि मॅनोमेट्री ही तिन्ही प्रत्येक पेशंटची. स्कोपीत एलए ग्रेड सी किंवा डीचा, म्हणजे तीव्र श्रेणीचा, दाह दिसला, तर रिफ्लक्सचा (आम्ल वर येण्याचा) पुरावा वेगळा शोधावा लागत नाही. तो नसेल, तर औषधं थांबवून २४ तासांची पीएच तपासणी करा. आम्लाचा संपर्क एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त असेल तर रिफ्लक्स नक्की, ४ टक्क्यांच्या खाली असेल तर नाही. मधल्या पट्ट्यातल्या पेशंटला घाईने टेबलावर घेऊ नका. आणि मॅनोमेट्रीचा नुसता रिपोर्ट वाचू नका. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांशेजारी बसून आलेख वाचायला शिका. एखादा महिना रोज संध्याकाळी अर्धा तास बसलात, तर कोणत्याही वर्कशॉपपेक्षा जास्त मिळेल. तिथे फी पडत नाही, सर्टिफिकेटही मिळत नाही, म्हणून कुणी जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ओटीतलं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांचं लक्ष रॅपवर असतं, कारण तो पडद्यावर छान दिसतो. निस्सेननी १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, १९९१ मध्ये बेल्जियममध्ये दालमान्यनी ती दुर्बिणीतून केली आणि तेव्हापासून व्हिडिओ रॅपचेच निघतात. प्रत्यक्षात रॅप हे शिवणकाम आहे आणि शिवणकाम घरी शिकता येतं. प्लॅस्टिकचा डबा, मोबाइलचा कॅमेरा, जुना नीडल होल्डर आणि खाटकाकडून आणलेला शेळीच्या जठराचा तुकडा एवढं पुरतं. अमेरिकेतल्या एफएलएस या दुर्बिणीच्या पायाभूत कौशल्यांच्या परीक्षेत आतल्या आत गाठ मारायला दहा मिनिटांची मुदत असते. तुम्हाला ती दोनेक मिनिटांत, दोन्ही हातांनी, शेजारी कुणी बोलत असताना मारता आली पाहिजे.

कठीण आहे तो हायटस. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण नवशिक्याचा घात होण्याची जागा हीच. पार्स फ्लॅसिडा, म्हणजे यकृत आणि जठर यांमधला पातळ पडदा, उघडताना यकृताच्या डाव्या भागाकडे जाणारी जास्तीची धमनी तिथून जात असते का, हे बघायला हवं. मग उजवा क्रस, म्हणजे हायटसच्या कडेचा स्नायूचा खांब. क्रसवरचं पेरिटोनियमचं अस्तर सोलून काढू नका. ते गेलं, की उरतात नुसते स्नायूचे धागे आणि शेवटी टाका ओढताना ते लोण्यासारखे कापले जातात. हे अर्ध्या तासानंतर कळतं, तेव्हा इलाज नसतो. त्यानंतर अन्ननलिकेच्या मागची खिडकी. उजवीकडून आत शिरताना डावा क्रस डोळ्यांना दिसल्याशिवाय कोणतंही हत्यार मागे सरकवायचं नाही. अंदाजाने ढकललेला ग्रास्पर अन्ननलिकेच्या मागच्या भिंतीतून किंवा जठरातून जातो आणि ते भोक त्या वेळी दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी ताप, धाप आणि छातीत पू घेऊन समोर येतं. अन्ननलिका चिमट्यात पकडून ओढायची नाही. तिच्याभोवती टेप घालून टेपला ओढ द्यायची. मागचा व्हेगस मज्जातंतू टेपच्या आत आलाय ना, ते पाहायचं.

मेडिआस्टिनममध्ये, म्हणजे छातीच्या मधल्या भागात, वर जाताना प्लुरा (फुप्फुसाभोवतीचं आवरण) फाटला, तर घाबरायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. मोठ्याने सांगायचं, "डावा प्लुरा उघडलाय." भूलतज्ज्ञांना श्वासाचा दाब वाढलेला आणि बीपी उतरलेलं आधीच दिसत असतं, त्यांना कारण कळायला हवं. गॅसचा दाब कमी केला, की बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं. मी शिकवताना हे वाक्य आधीच मोठ्याने म्हणवून घेतो. अडचण कबूल करायची जिभेला सवय नसेल, तर त्या क्षणी शब्द फुटत नाहीत.

पोटात अन्ननलिका ओढ न देता दोन-तीन सेंटिमीटर राहिली पाहिजे. तेवढी मिळवण्यासाठीच वर जायचं असतं. ती उतरत नसताना आहे त्यावर रॅप बांधला, तर हर्निया परत येणार, हे गृहीत धरा.

म्हणून मी शिकवतो तो क्रम ऑपरेशनच्या क्रमापेक्षा वेगळा आहे. आधी ३० अंशांचा कॅमेरा, तोही बऱ्याच केसेस, कारण कॅमेरा धरणाऱ्याला पुढची पायरी कळायला लागली की मी समजतो, हा तयार होतोय. मग रॅपचे टाके. मग जठर आणि प्लीहा यांमधल्या शॉर्ट गॅस्ट्रिक रक्तवाहिन्या. मग क्रसचे टाके. मग उजवा क्रस मोकळा करणं, त्यानंतर मागची खिडकी आणि सगळ्यात शेवटी मेडिआस्टिनम. प्रत्येक पायरी दुसऱ्याच्या जबाबदारीखाली नीट जमली की पुढची. पहिल्या स्वतंत्र केसेसमध्ये मी टूपेचा मागून २७० अंशांचा रॅप सुचवतो. पूर्ण निस्सेनपेक्षा त्यात गिळण्याचा त्रास आणि पोटात गॅस कोंडणं कमी. निस्सेन कराल तेव्हा तो सैल आणि दोन सेंटिमीटरच्या आतला.

किती केसेस? १९९६ मध्ये अ‍ॅडलेडच्या वॉटसन आणि सहकाऱ्यांनी यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रत्येक सर्जनच्या पहिल्या २० केसेसमध्ये गुंतागुंत, पुन्हा ऑपरेशन आणि पोट उघडावं लागणं हे सगळं जास्त होतं आणि पहिल्या ५ मध्ये सर्वात जास्त. पण ज्यांनी उशिरा, अनुभवी माणूस शेजारी असताना सुरुवात केली, त्यांना हा त्रास कमी झाला. माझ्या मते त्या अभ्यासातलं मोलाचं वाक्य हेच आहे. आता हिशोब करा. तुमच्या हॉस्पिटलात अशी केस महिन्याला एखादी येत असेल, तर २० व्हायला पावणेदोन वर्षं लागतील आणि दोन केसेसच्या मधल्या काळात हात पुन्हा गार पडेल. वीस महिन्यांत विखुरलेल्या वीस केसेस आणि चार महिन्यांतल्या वीस केसेस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून जिथे हे काम रोज चालतं, तिथे जाऊन राहा. वय आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर सर्जिकल गॅस्ट्रोमध्ये एमसीएच किंवा डॉक्टरेट एनबी, तीन वर्षं. मिनिमल अ‍ॅक्सेसमधली एफएनबी ही फेलोशिप दोन वर्षांची आहे. तेही शक्य नसेल तर एकाच गुरूकडे सलग सहा महिने, बिनपगारी का होईना. घरी दोन लहान मुलं आहेत, हप्ते चालू आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मला याची कल्पना आहे. मीही पाच महिने बाहेरगावी राहिलो, तेव्हा घर बायकोच्या पगारावर चाललं. एएमएएसआय या दुर्बिणीच्या सर्जनांच्या संघटनेचे काही दिवसांचे कोर्स जरूर करा, पण ते दुर्बिणीच्या पायाभूत कौशल्यासाठी. त्यातून मिळणाऱ्या एफएमएएस फेलोशिपवर हायटसला हात घालू नका.

जाळीबद्दल: सुरुवातीला लावू नका. कृत्रिम जाळी अन्ननलिकेत रुतून आत शिरल्याच्या केसेस मी पाहिल्या आहेत आणि त्या सोडवणं फार अवघड असतं. जैविक जाळीचा अमेरिकेतला मोठा अभ्यास आहे. सहा महिन्यांनी बेरियमवर हर्निया परतण्याचं प्रमाण २४ वरून ९ टक्क्यांवर आलेलं दिसलं, म्हणून सगळे खूश झाले. पाच वर्षांनी पाहिलं तर जाळीवाल्यांत ५४ आणि बिनजाळीवाल्यांत ५९ टक्के, म्हणजे फरक जवळपास पुसला गेला. त्यातल्या बहुतेकांना फारसा त्रास नव्हता, हेही खरं. पण ऑपरेशन "कायमचा इलाज" आहे असं पेशंटला सांगू नये, एवढं यातून कळतं.

अन्ननलिकेचा कॅन्सर यात मिसळू नका. ते वेगळं शिक्षण आहे. कोइम्बतूरच्या डॉ. पळनिवेलूंच्या गटाने २००६ मध्ये पेशंटला पालथं झोपवून छातीतून दुर्बिणीने अन्ननलिका काढण्याच्या १३० केसेस मांडल्या, तेव्हापासून आपल्या देशात याचं आकर्षण खूप आहे. पण युरोपातल्या एका अभ्यासात अन्ननलिका काढल्यावर छातीत घातलेला जोड गळण्याचं प्रमाण स्थिर व्हायला ११९ केसेस लागल्या. गळती झाली की पेशंटला वाचवतात ते रात्री दोन वाजता जागे असलेले आयसीयू, रेडिओलॉजी आणि स्कोपीवाले. ती टोळी जिथे नाही, तिथे हे करू नये.

ज्या पेशंटला पुढच्या महिन्याची तारीख देणार होतात, त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. त्यांची मॅनोमेट्री झालेली नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. आधी ती करून घ्या. ऑपरेशन लागलंच, तर त्यांना घेऊन अनुभवी सर्जनकडे जा आणि तिथे तुम्ही असिस्ट करा. पेशंट तुमचाच राहील. नंतरचे दीड-दोन महिने त्यांच्याकडे तुम्हीच बघा. आधी पातळ, मग खिचडी-कढी, रोटलो आणि सुकी पोळी बराच काळ नाही, सेव-उसळ तर नाहीच. पहिल्या दिवसांत उलटी होऊ द्यायची नाही. उलटीच्या एका उबळीत क्रसचे टाके सुटू शकतात. सुरुवातीला घास अडकतो म्हणून ते घाबरून फोन करतील. तो फोन तुम्हीच घ्या आणि पाणी उतरतंय का, हे आधी विचारा.