‘फेम’ची चोवीस वर्षं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ब्रिटिश आरमाराच्या पहिल्या विनाशिकांवर मागच्या वेळी लिहिलं, तेव्हा ‘एचएमएस फेम’ या नौकेचा जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता. १८९७ पासून सेवेत आणि १९२१ मध्ये हाँगकाँगला विकली गेली, एवढंच. त्या दोन ओळींवरच सर्वांत जास्त प्रश्न आले आहेत, म्हणून या वेळी फक्त ‘फेम’.

प्रश्न : १८९६ साली, तेही कोळशावर चालणाऱ्या नौकेला ३० नॉट वेग खरंच गाठता येत होता का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

चाचणीपुरता, हो. ३० नॉट म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर. लंडनजवळ चिझिकला थेम्सच्या काठावर थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या कारखान्यात ‘फेम’ बांधली गेली आणि १५ एप्रिल १८९६ रोजी तिचं जलावतरण झालं. लांबी सुमारे २१० फूट, रुंदी वीस फुटांहूनही कमी. एवढ्या निमुळत्या सांगाड्यात तीन बॉयलर आणि दोन वाफेची इंजिनं, मिळून सुमारे ५,७०० अश्वशक्ती. म्हणजे नौकेचा मोठा भाग भट्ट्या, यंत्रं आणि कोळसा यांनीच व्यापलेला. माणसं उरलेल्या जागेत.

पण ते ३० नॉट कसे मिळायचे, तेही पाहा. शांत पाणी, नौकेवर बेताचाच भार, निवडक कोळसा आणि कारखान्याचे कसलेले भट्टीवाले. करारातला वेग दाखवण्यावर कंपनीचे पैसे अवलंबून असत. तीच नौका पुढे दारूगोळा आणि भरपूर कोळसा घेऊन उघड्या समुद्रात निघाली की वेग कित्येक नॉटांनी उतरायचा. लाटा असतील तर आणखीच. पुढचा भाग कासवाच्या पाठीसारखा उतरता ठेवला होता, पाणी ओघळून जावं म्हणून. प्रत्यक्षात नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, लाटेत घुसायची आणि सुकाणूवरचा माणूस नखशिखांत भिजायचा. माझ्या मते या पिढीचा सर्वांत मोठा दोष हाच : आकड्यासाठी नौका बांधली, समुद्रासाठी नाही. आरमारालाही ते उमगलं. १९०३ पासून आलेल्या ‘रिव्हर’ वर्गातल्या विनाशिकांकडून २५ नॉटच मागितले, पण भार घेऊन, आणि पुढचा डेक उंच करून घेतला. कागदावर हळू असलेल्या या नौका खवळलेल्या समुद्रात जुन्यांपेक्षा कितीतरी उपयोगी ठरल्या.

प्रश्न : विनाशिका तर फ्रेंच टॉर्पेडो बोटींना रोखण्यासाठी बांधल्या होत्या ना? मग ‘फेम’ चीनला कशी?

बांधल्या त्यासाठीच. इंग्लिश खाडीत रात्रीच्या अंधारात फ्रेंच टॉर्पेडो बोटी मोठ्या युद्धनौकांवर चालून येतील, ही भीती होती. पण फ्रान्सशी युद्ध झालंच नाही. दरम्यान रशिया, जर्मनी, फ्रान्स आणि जपान चीनच्या किनाऱ्यावर बंदरं बळकावू लागले, तेव्हा ब्रिटननेही तिकडे बळ वाढवलं. ‘फेम’चं जवळपास सगळं आयुष्य त्याच पाण्यात गेलं. एप्रिल १८९९ मध्ये हाँगकाँगलगतचा, चीनकडून भाडेपट्ट्याने घेतलेला नवा प्रदेश ताब्यात घेताना गावकऱ्यांनी शस्त्रं उचलली, तेव्हाही ताइ पो इथे ‘फेम’च्या तोफा चालल्या. तिथे जमिनीवर लढत होती ती हाँगकाँग रेजिमेंट, हिंदुस्थानातून भरती केलेल्या शिपायांची.

प्रश्न : ताकूच्या रात्री नेमकं काय झालं? सविस्तर सांगाल का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

जरूर. ‘फेम’चं नाव आज घेतलं जातं ते त्या एका रात्रीमुळेच.

जून १९००. बॉक्सर बंडाचा, म्हणजे चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या उठावाचा, वणवा पेकिंगपर्यंत (आजचं बीजिंग) पोहोचला होता. ब्रिटिश ॲडमिरल सीमोर सुमारे दोन हजार सैनिक घेऊन १० जूनला रेल्वेने पेकिंगकडे निघाले आणि वाटेतच अडकले. समुद्राकडून आत जायचा रस्ता म्हणजे पैहो नदी, आणि तिच्या मुखाशी ताकूचे किल्ले. परकीय आरमारप्रमुखांनी चिनी सेनापतीला निर्वाणीचा निरोप धाडला : १७ जूनच्या पहाटे दोनपर्यंत किल्ले सोडा. मुदत संपायच्या तासभर आधीच किल्ल्यांच्या तोफा धडाडल्या. नदीतल्या ब्रिटिश, रशियन, जर्मन आणि फ्रेंच छोट्या युद्धनौकांनी उत्तर दिलं.

किल्ल्यांच्या वरच्या अंगाला, ताकू आणि तोंगकू यांच्या मध्ये, चिनी आरमाराच्या गोदीच्या धक्क्याला चार नव्याकोऱ्या विनाशिका लागलेल्या होत्या. त्या जर्मनीत एल्बिंगच्या शिशाऊ कारखान्यात बांधलेल्या होत्या आणि कागदावर वेगात ‘फेम’च्या वरचढ. त्यांचे टॉर्पेडो नदीतल्या नौकांवर सुटले असते तर अनर्थ झाला असता. त्या ताब्यात घेण्याचं काम ‘फेम’ आणि ‘व्हायटिंग’ यांना मिळालं. ‘फेम’वर लेफ्टनंट रॉजर कीझ, वय सत्तावीस. ‘व्हायटिंग’वर लेफ्टनंट कॉलिन मॅकेंझी.

दोन्ही नौका मागे एकेक वल्ह्यांची होडी ओढत निघाल्या. होडीत आणि डेकवर चढाईला तयार माणसं. आधी चिनी विनाशिकांच्या शेजारून पुढे निघून जात असल्यासारखं दाखवलं आणि मग एकदम वळून आपली नाळ त्यांच्या अंगाला भिडवली. नाळेवरून एक तुकडी एका नौकेवर उतरली, होडीतली तुकडी दुसऱ्या नौकेवर. थोडी झटापट झाली, काही गोळ्या सुटल्या. चिनी खलाशांपैकी काही पाण्यात पडले, काही डेकखाली कोंडले गेले, काही मेले किंवा जखमी झाले. चढाईत ब्रिटिशांचा एकही माणूस गेला नाही. पकडलेल्या नौका तोंगकूकडे ओढून नेताना नदीच्या वळणावरच्या मातीच्या मोर्च्यातून गोळे आले. त्यातला एक ‘व्हायटिंग’च्या कोळशाच्या कोठाराशी लागला, बाकीचे चुकले.

या हल्ल्यात विनाशिकेचा टॉर्पेडो वापरला गेला नाही आणि ३० नॉटचा वेगही कामी आला नाही. उपयोगी पडली ती तिची उथळ बांधणी, चपळ वळण आणि सुकाणूवरच्या माणसाची नजर. या नौका कशासाठी चांगल्या होत्या ते मला याच रात्रीत सर्वांत स्पष्ट दिसतं.

त्यानंतर कीझने बत्तीस माणसं ‘फेम’वर घेऊन नदीकाठच्या सी-चेंगच्या किल्ल्यावरही छापा घातला. तोफा निकामी केल्या, दारूचं कोठार उडवलं आणि सगळे परत आले.

प्रश्न : तेव्हा चीनशी युद्ध जाहीरही झालेलं नव्हतं. ही मग शौर्यकथा की चाचेगिरी?

प्रश्न योग्य आहे, आणि ब्रिटिश आठवणींत तो सहसा विचारलाच जात नाही. पहिली तोफ किल्ल्यांनी डागली हे खरं. पण दुसऱ्याच्या देशातल्या नदीत शिरून ‘तुमचे किल्ले खाली करा’ म्हणणाऱ्याला स्वसंरक्षणाचा आधार घेता येत नाही. ताकू पडल्यावर, २१ जूनला, चिनी दरबाराने युद्धाचं फर्मान काढलं. पेकिंगमधल्या परकीय वकिलातींना पडलेला वेढा उठायला १४ ऑगस्ट उजाडला. खलाशांचं कसब मला मान्य आहे, त्यामागचा हक्क मान्य नाही.

प्रश्न : पकडलेल्या चार नौकांचं पुढे काय झालं?

ब्रिटन, रशिया, जर्मनी आणि फ्रान्सने एकेक वाटून घेतली. तिघांनी आपापल्या नौकेला ‘ताकू’ हेच नाव दिलं. रशियाने ताकूला मारल्या गेलेल्या आपल्या अधिकाऱ्यावरून ‘लेफ्टनंट बुराकोव’ ठेवलं. ती १९०४ मध्ये पोर्ट आर्थरच्या वेढ्यात जपानी टॉर्पेडोला बळी पडली. फ्रेंच ‘ताकू’ १९११ मध्ये खडकावर गेली, जर्मन ‘ताकू’ १९१४ मध्ये चीनमधल्या चिंगदाओ बंदरात जर्मनांनी स्वतःच बुडवली आणि ब्रिटिश ‘ताकू’ १९१६ मध्ये हाँगकाँगला विकली गेली. चीनला एकही परत मिळाली नाही.

प्रश्न : ‘फेम’ कुठे ‘डी वर्ग’ म्हणून दिसते, कुठे नुसती ‘थर्टी-नॉटर’. खरं काय?

दोन्ही. १९१३ मध्ये आरमाराने जुन्या विनाशिकांना अक्षरं दिली. ३० नॉटवाल्यांची वाटणी धुराड्यांवरून झाली : चार धुराडी ती बी, तीन ती सी, दोन ती डी. थॉर्निक्रॉफ्टच्या दोन धुराड्यांच्या नौका म्हणून ‘फेम’ डी वर्गात. १९०० च्या हकिगतीत कुणी तिला डी वर्गाची म्हटलं, तर ते नाव मागाहून चिकटवलेलं समजावं.

प्रश्न : अशा नौकेवर खलाशी राहायचे कसे? (माजी नौसैनिक, मालवण)

फार हालात. साठेक माणसं, दाटीवाटी, यंत्रांचा हादरा, सगळीकडे ओल आणि कोळशाची पूड. भट्टीची खोली बंद करून पंख्यांनी आत हवा कोंबायचे, म्हणजे आग भडकते. त्या कोंडलेल्या उष्णतेत फावड्याने कोळसा टाकत राहायचं, आणि तेही चीनच्या उन्हाळ्यात. या हालअपेष्टांबद्दल विनाशिकांवरच्या लोकांना वेगळा भत्ता मिळत असे. कीझ पुढे ॲडमिरल झाले. भट्टीपुढे उभ्या असलेल्यांची नावं मात्र या कथेत कुणी घेत नाही, आणि ते मला खटकतं.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात ‘फेम’ लढली का?

मोठ्या लढाईत नाही. १९१४ मध्ये चीन स्टेशनवर, म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या चीनकडच्या विभागात, ‘रिव्हर’ वर्गाच्या विनाशिका होत्या. त्या भूमध्य समुद्रात नेल्या आणि तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत झुंजल्या. तिथल्या आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ होते रॉजर कीझच, ‘फेम’चे जुने कप्तान. ‘फेम’ म्हातारी झालेली, ती पूर्वेलाच राहिली. ३१ ऑगस्ट १९२१ रोजी हाँगकाँगला तिची विक्री झाली.

प्रश्न : माझगाव डॉकमधल्या आजच्या विनाशिकेशी तुलना करायची तर? (वाचक, डोंबिवली)

‘आयएनएस मोरमुगाव’ घ्या. माझगावला बांधलेली, गोव्याच्या बंदराचं नाव असलेली, डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झालेली. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन. ‘फेम’ ६४ मीटर आणि साडेतीनशे टनांच्या आसपास. वेग मात्र ‘मोरमुगाव’चाही ३० नॉटच सांगितला जातो. फरक इतकाच, की ‘मोरमुगाव’ तो वेग क्षेपणास्त्रं, हेलिकॉप्टर आणि तीनशेच्या आसपास माणसं घेऊन, खुल्या समुद्रात गाठते.