साखरपुड्यातले खेळ : आधी दोन्ही घरं मिसळू द्या

ताई, सगळ्यात आधी अभिनंदन! तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाचा साखरपुडा आहे, दोन्हीकडची मिळून ऐंशीएक माणसं आहेत, सकाळचा मुहूर्त आहे आणि अंगठ्या घालून झाल्या की जेवणापर्यंत तासभर मोकळा आहे. त्या वेळात 'मुलाकडचे विरुद्ध मुलीकडचे' अशा भेंड्या ठेवाव्यात का, हा तुमचा प्रश्न. खेळ जरूर ठेवा, फक्त संघ असे पाडू नका. बाकी सगळं इकडचं तिकडे झालं तरी चालेल, एवढं मात्र पाळा.

पोहे खायला, बघायला गेलेली चार-सहा माणसं सोडली तर बाकीची मंडळी साखरपुड्यालाच पहिल्यांदा समोरासमोर येतात. हॉलमध्ये कुणी न सांगता एका बाजूला एक घर बसतं, दुसऱ्या बाजूला दुसरं. मधली वाट फक्त चहावाला ओलांडतो. त्यात पुन्हा पक्ष पाडून चढाओढ लावली, की ती रेघ अजून ठळक होते. मग कुणीतरी काका 'ते गाणं त्याच अक्षराचं होतं' म्हणून हटून बसतात, आणि लग्नाच्या याद्या करायच्या दिवशीही तो विषय निघतो. आपल्याकडे लग्नघरात मानापमानाला निमित्त लागत नाही. खेळाने ते पुरवू नये.

म्हणून गट दारातच पाडा. अत्तर लावून, गुलाबपाणी शिंपडून स्वागत करतो तिथेच एका परडीत फुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवा: मोगरा, शेवंती, अबोली, चाफा. ज्याने जी उचलली तो त्याचा गट. जन्ममहिन्यावरून गट पाडायची कल्पना बरेच जण सुचवतात, पण आपल्याकडे ती फसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली इतकी ज्येष्ठ मंडळी प्रत्येक घरात असतात, की जूनचा गट एकटाच अर्धा हॉल भरतो.

पहिला खेळ पाहुणे येत असतानाच सुरू करा. याला आम्ही 'माणसं शोधा' म्हणतो. एका कागदावर नऊ चौकोन आखायचे आणि प्रत्येकात एक ओळ लिहायची. पायी वारी केलेली व्यक्ती. जिचं माहेर कोकणात आहे ती. विहिरीत पोहायला शिकलेली. एसटीने आलेली. पुरणपोळी दुधाबरोबर नाही, कटाच्या आमटीबरोबर खाणारी. त्या त्या माणसाला शोधून चौकोनात त्याची सही घ्यायची. नियम एकच: नऊपैकी निदान सहा सह्या समोरच्या घरातल्या हव्यात. ही अट विसरू नका, कारण सगळी गंमत तिच्यातच आहे. ती नसेल तर पोरं आपल्याच मावशांच्या सह्या घेऊन पाच मिनिटांत मोकळी होतात.

चौकोन लिहिताना दोन-तीन ओळी मुद्दाम आजी-आजोबांसाठी ठेवा. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात एक चौकोन होता, '१९७२च्या दुष्काळात सुकडी खाल्लेली व्यक्ती'. मुलाकडचे एक आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत काठी धरून बसले होते, कुणाला ठाऊकही नव्हते. कुणीतरी त्यांना विचारलं आणि बघता बघता त्यांच्यापुढे सहीसाठी रांग लागली. आजोबा सही करायच्या आधी प्रत्येकाला बसवून घेत होते. खडी फोडायच्या कामावरचं ऊन, दुपारी हातावर मिळणारी सुकडी म्हणजे तो कोरडा खाऊ, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या ज्वारीच्या, भाकरी, हे सगळं ऐकल्याशिवाय सही नाही. आमच्याकडची दोन कॉलेजातली मुलं जेवणाच्या पंगतीतही त्यांच्याच शेजारी बसली.

हाउजीचं विचाराल तर सकाळच्या वेळात मी ती घेणार नाही. जो तो आपल्या तिकिटावरच्या पंधरा आकड्यांत मान खाली घालून बसतो आणि शेजाऱ्याशी बोलणं थांबतं. जेवणं झाल्यावर मंडळी सुस्तावली, परतीच्या गाडीला वेळ असला, तर तेव्हा बरी.

आता उखाणे. ते हवेतच, त्याशिवाय साखरपुडा कसला! पण एकट्या मुलीला उभं करून 'घे नाव, घे नाव' असा गलका करू नका. नाव दोघांनी घ्यावं, आणि आधी मुलाने. याचाच खेळ करायचा तर प्रत्येक गटाला एक शब्द द्या आणि पाच मिनिटांत त्यावर उखाणा रचायला सांगा. 'पोहे' दिलं तेव्हा एका गटाने रचलं, 'कांदेपोह्यांच्या बशीत लिंबाची फोड, अमुकरावांचं नाव घेते, स्वभाव त्यांचा गोड.' 'एसटी' आली तेव्हा एक मामा उठले आणि मामींकडे बघून म्हणाले, 'एसटीच्या खिडकीतून टाकला रुमाल, हिचं नाव घेतो, स्वयंपाक करते कमाल.' पाठ केलेल्या उखाण्यापेक्षा असा जागच्या जागी जुळवलेला उखाणा लोकांच्या जास्त लक्षात राहतो.

यातच एक नाजूक गोष्ट आहे, ती कृपा करून मनावर घ्या. उखाणा म्हणजे नवऱ्याचं नाव, असं धरलं की नवरा गेलेली आजी किंवा मावशी, एकटी राहणारी आत्या, या आपोआप बाजूला पडतात. त्या हसत बसतात, पण त्यांना वाटायचं ते वाटतंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तेच करायला सांगितलं. एक गाव एवढं करू शकतं, तर आपल्या तासाभराच्या कार्यक्रमात आपल्याला काय अवघड आहे? माइक हातात घेतला की सुरुवातीलाच सांगून टाका: नाव कुणाचंही घ्या, नातवाचं, लेकीचं, मैत्रिणीचं, गावाचं. मग बघा आजी कशा उठतात. 'परसात लावली चाफ्याची फांदी, अमुक माझा नातू, त्याच्या लग्नाची आज नांदी', हा एका आजींचाच.

मला सगळ्यात आवडणारा खेळ विहिणींचा. दोघी विहिणींना शेजारी शेजारी बसवायचं. एकीने फक्त उजवा हात वापरायचा, दुसरीने फक्त डावा, आणि दोघींनी मिळून गोविंदविडा बांधायचा. पान पुसायचं, चुना-कात लावायचा, सुपारी, बडीशेप, गुलकंद घालायचा, घडी घालून वर लवंग टोचायची. घडी एकीने दाबून धरल्याशिवाय दुसरीला लवंग टोचताच येत नाही. मग 'अहो विहीणबाई, जरा अंगठा काढा' पासून सुरू झालेलं बोलणं तिसऱ्या विड्यापर्यंत 'अगं, धर ना नीट!' वर येतं. त्यांच्यासमोर दोघं व्याही याच खेळाला बसवा. म्हणजे चढाओढ विहिणी विरुद्ध व्याही अशी होते, घर विरुद्ध घर अशी नाही. पानं जास्तीची आणा, निम्मी फाटतात. बांधलेले विडे जेवणानंतर त्याच चौघांनी एकमेकांना द्यायचे.

भावाला आणि होणाऱ्या वहिनीला पाठीला पाठ लावून बसवायचं आणि 'कोण जास्त' विचारायचं, हा खेळ हल्ली सगळीकडे असतो. त्यात हातात चपला-बूट धरायला लावतात, ते देवापुढच्या समईशेजारी बरं दिसत नाही. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात गजरा द्या, काम तेच होतं. प्रश्न मात्र निवडून घ्या. 'फोन आधी कोण ठेवतं', 'चहा कोण करणार', 'प्रवासाची बॅग आदल्या रात्री कोण भरतं', इथपर्यंत ठीक. आधीचं प्रेमप्रकरण, पगार, वजन, रंग, पाळणा कधी, यातलं काहीही नको, गमतीतसुद्धा नको. स्थळ बघून ठरलेलं असेल तर दोघं मोजक्याच वेळा भेटलेली असतात. चुकीचं उत्तर आलं की मुलगी कावरीबावरी होते आणि तिची आई तिच्याहून जास्त. आदल्या दिवशी दोघांनाही प्रश्न दाखवून ठेवा आणि नको वाटतील ते त्यांनाच खोडू द्या.

पाण्यातली अंगठी शोधणं, मुठीतली सुपारी सोडवणं, दातांनी विडा तोडणं, हे खेळ लग्नानंतरचे आहेत. नवरानवरीची भीड मोडायची ती त्यांची वेळ. ते आत्ताच उरकून टाकू नका.

भेंड्यांची हौस असेलच तर शेवटी, फुलांच्या गटांत घ्या. 'ळ' आला तर 'ल' आणि 'ण' आला तर 'न', हे आधी जाहीर करा, निम्मे वाद तिथेच मिटतात. वेळ उरला तर दहा मिनिटं झिम्मा-फुगडी. फुगडी गालिच्यावर नको, पाय अडकतो. गालिचा गुंडाळून, चपला काढून, मोकळ्या फरशीवर. पुरुषांनाही ओढा. गुडघे दुखणाऱ्यांनी टाळ्यांचा ठेका धरावा.

लहान मुलांना या सगळ्यात गुंतवू नका, एखाद्या ताईच्या हाती संगीत खुर्ची आणि राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या देऊन त्यांचा वेगळा कोपरा करा. परदेशातल्या मंडळींना व्हिडिओवर घ्यायचं तर घड्याळ बघा. आपले सकाळचे अकरा म्हणजे न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्यांच्याकडून आवाजात एक उखाणा आधीच मागवून ठेवलेला बरा.

बक्षिसाला पैठणी किंवा चांदीची वाटी ठेवू नका. कुणी काय दिलं याचा हिशोब लगेच सुरू होतो. मेतकुटाची पुडी, राजगिऱ्याच्या वड्या, तुळशीचं रोप, एवढं पुष्कळ झालं, आणि ते गटातल्या सगळ्यांना वाटता येईल असं हवं. निवेदक बाहेरून बोलावू नका. दोन्ही घरांतला एकेक बोलका माणूस घ्या आणि माइक दोघांत फिरता ठेवा. आचाऱ्याने वाढायला घेतलं की खेळ जिथे असेल तिथे थांबवा, गरम पुरी कुणासाठी थांबत नाही.

'माणसं शोधा'च्या कागदासाठी अजून ओळी हव्या असतील तर दोन्ही घरांची मूळ गावं आणि सगळ्यात थोरल्या दोन-तीन माणसांनी आयुष्यभर काय काम केलं, एवढं खाली लिहा. त्यावरून नऊ चौकोन मी करून देते.