डिस्क वाढली, मग जागा का वाढत नाही?

प्रश्न : माझ्या व्हर्च्युअल सर्व्हरची डिस्क ४० जीबीची होती. पॅनेलमधून ती ८० जीबी करून घेतली, सर्व्हर रीस्टार्टही केला. तरी डीएफ कमांड जुनाच आकडा दाखवते आणि ९८ टक्के जागा भरल्याचं सांगते. पार्टिशन वाढवणारं ग्रोपार्ट चालवलं की 'नोचेंज' (काही बदललं नाही) येतं. डिस्क आणि पार्टिशनांची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये व्हीडीए ८० जीबी, व्हीडीए१ ३८ जीबी, व्हीडीए२ १के आणि व्हीडीए५ २ जीबी दिसतं. व्हीडीए१वर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम आहे, त्यावर डेटाबेस चालू आहे. डेटा न गमावता जागा कशी वाढवू? सर्व्हर बंद ठेवावा लागेल का?

उत्तर : एलएसबीएलकेच्या चारही ओळी पाठवल्यात, फार बरं केलंत. उत्तर त्यातच आहे.

पॅनेलमधून वाढते ती फक्त डिस्क. तिच्यावरचं पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) आणि पार्टिशनमधली फाइल सिस्टिम (फाइल मांडून ठेवायची व्यवस्था) आपापल्या जुन्या मापातच राहतात, त्यांना वेगवेगळं वाढवावं लागतं. तुमचं काम पार्टिशनपाशी अडलंय. व्हीडीए२समोरचं ते '१के' बघा. ते एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, म्हणजे नुसतं वेष्टन. त्याच्या पोटात व्हीडीए५ हे स्वॅप आहे, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. डिस्कवर आधी व्हीडीए१, त्याला चिकटून स्वॅप आणि मग मोकळी ४० जीबी, असा क्रम आहे. पार्टिशन वाढतं ते लगतच्या मोकळ्या जागेत. मध्ये स्वॅप असल्यामुळे ग्रोपार्टला व्हीडीए१पुढे सरकायला जागाच मिळत नाही, म्हणून ते 'नोचेंज' म्हणतं. त्याचं बरोबर आहे.

तेव्हा स्वॅप तिथून उठवायचं. पण त्याआधी दोन गोष्टी कराच. डेटाबेसचा डम्प (सगळ्या डेटाची प्रत) काढून तो दुसऱ्या मशीनवर ठेवा. पॅनेलमधून अख्ख्या डिस्कचा स्नॅपशॉट घेतलात तरीही हा हवाच. आणि 'एसएफडिस्क'ला डॅश-डी देऊन पार्टिशन टेबल एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा, तीही बाहेर कॉपी करा. जेमतेम दहा ओळींची फाइल असते.

या फाइलसाठी मी इतकी आग्रही का, ते सांगते. एका जुन्या सर्व्हरवर पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होत होतं. पार्टिशन टेबल बदलणाऱ्या पूर्वीच्या एफडिस्कची तीच रीत होती. मी नव्या एफडिस्कने ते पुसून मोठं करायला घेतलं आणि सुरुवातीच्या सेक्टरच्या प्रश्नावर नुसतं एंटर दाबलं. त्याने २०४८ धरला. रीबूटनंतर मशीन उठेना. हात थरथरत होते. टेबलाची फाइल आदल्या दिवशी लॅपटॉपवर घेतली होती म्हणून वाचले. रेस्क्यू मोडमध्ये जाऊन एसएफडिस्कने जुनं टेबल परत लिहिलं आणि सगळा डेटा जिथल्या तिथे दिसला. पार्टिशन म्हणजे अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत, एवढीच टेबलातली नोंद. शेवट पुढे नेला तर चालतं, सुरुवात हलता कामा नये. ग्रोपार्ट सुरुवातीला हातच लावत नाही, म्हणून वाढवायचं काम त्याच्याकडेच द्या, एफडिस्ककडे नको.

आता प्रत्यक्ष काम. 'फ्री' कमांडने स्वॅप किती वापरात आहे ते पाहा. तेवढी रॅम मोकळी असेल तरच स्वॅपऑफ करा. मग एफडिस्कमध्ये फक्त व्हीडीए२ डिलीट करा, व्हीडीए५ त्याच्याबरोबरच जातं. टेबल लिहिण्याआधी 'पी' दाबून व्हीडीए१ जसंच्या तसं आहे ना, ते डोळ्यांनी बघा. त्यानंतर ग्रोपार्टला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा द्या, मध्ये स्पेस सोडून: व्हीडीए, स्पेस, १. ही स्पेस पुष्कळजण विसरतात. शेवटी व्हीडीए१वर फाइल सिस्टिम वाढवणारं रिसाइझ-टू-एफएस चालवा. ईएक्सटी४ माउंट असतानाच वाढते, त्यामुळे डेटाबेस चालू राहिला तरी हरकत नाही. तरी मी असलं काम गर्दी कमी असतानाच करते.

तुमची डिस्क ९८ टक्क्यांवर आहे म्हणून आणखी एक. ती १०० टक्के भरली, तर ग्रोपार्टला टेम्प फोल्डरमध्ये स्वतःची तात्पुरती फाइलही बनवता येत नाही आणि ते तिथेच थांबतं. जर्नलचे जुने लॉग उडवून आधीच थोडी जागा करून घ्या.

तुमच्याकडे एलव्हीएम, म्हणजे पार्टिशन आणि फाइल सिस्टिम यांच्यामधला जागा वाटून देणारा थर, नाही. असतं तर पार्टिशननंतर पीव्ही-रिसाइझ आणि एलव्ही-एक्सटेंड अशा आणखी दोन पायऱ्या आल्या असत्या. ईएक्सटी४ऐवजी एक्सएफएस ही फाइल सिस्टिम असेल तिथे रिसाइझ-टू-एफएस चालत नाही, एक्सएफएस-ग्रोएफएस वापरतात.

स्वॅप मात्र परत द्या, डेटाबेसच्या सर्व्हरला बिनस्वॅपचं ठेवू नका. २ जीबीची स्वॅप फाइल करा, परवानगी ६००, मग एमकेस्वॅप आणि स्वॅपऑन. बूट होताना काय जोडायचं त्याची यादी असलेल्या एफस्टॅबमध्ये तिची ओळ घाला आणि जुन्या स्वॅपची, युयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) असलेली ओळ काढा. ती राहिली, तर बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी आता अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघत बसतं. डेबियन किंवा उबुंटू असेल, तर बूटच्या सुरुवातीची छोटी सिस्टिम बनवणाऱ्या इनिटरामएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये 'रिझ्यूम' नावाची फाइल आहे का बघा. त्यातही जुनाच युयूआयडी असेल. 'रिझ्यूम='पुढचं सगळं काढून तिथे 'नन' लिहा आणि अपडेट-इनिटरामएफएस चालवा.

सर्व्हर बंद ठेवायचा तो फक्त एका रीबूटपुरता. तो त्याच दिवशी, पॅनेलमधला कन्सोल (सर्व्हरची थेट स्क्रीन) उघडा ठेवून स्वतः करा. महिन्याभराने कुठल्याशा अपडेटनंतर आपोआप होण्याची वाट पाहू नका. मशीन वर आलं की डीएफ बघा. आकडा ८०पेक्षा थोडा कमी दिसेल. फाइल सिस्टिम स्वतःच्या नोंदींसाठी काही जागा घेते, आणि वापरायला उरलेल्या जागेतून ईएक्सटी४ साधारण ५ टक्के रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवते.