वाळूच्या टेकडीवर रावणाच्या मिशा लावताना

प्रश्न : आमच्या पुळणीवरची वाळूची टेकडी झिजत चालली आहे. ती धरून राहावी म्हणून एप्रिलमध्ये रावणाच्या मिशा या गवताचे तुकडे लावले, रोज पाणीही घातलं. बहुतेक वाळले. त्याचे काटेरी गोंडे पुरले, तेही उगवले नाहीत. त्यापेक्षा सुरूची झाडं लावावीत का?

उत्तर : सुरू नको. त्याची सावली आणि सुयांचा थर यांखाली हे उन्हाचं गवत मरतं, आणि लाटांनी वाळू कापली की झाडही आडवं होतं.

चुकला तो मुहूर्त. एप्रिलची वाळू मुळं फुटायच्या आत तुकडा करपवते, आणि वरून घातलेलं पाणी वाळूत क्षणात निथळून जातं. जूनमध्ये पाऊस धरला, वाळू वीतभर खोल ओली झाली, की लावा. सरपटणाऱ्या खोडाचा जिवंत, पानं असलेला, तीन-चार पेरांचा तुकडा घ्या. तपकिरी, सुकलेला बुडखा नको. ओल्या गोणपाटात ठेवून त्याच दिवशी लावा. १५ ते २० सेंमी खोल चर काढून तुकडा तिरका ठेवा. दोन पेरं वाळूत, पानांचा शेंडा बाहेर. मग पायाने घट्ट दाबा. पोकळी राहिली तर फुटलेली मुळं तिथेच सुकतात. दोन तुकड्यांत अर्धा ते एक मीटर अंतर पुरे.

जागा पावसाळी लाटांच्या पल्ल्याबाहेरची हवी. खारे तुषार हे गवत सोसतं, मुळाशी लाटांचा मारा नाही. वाऱ्याने वाळू येऊन ते अर्धं बुडालं तर उपसू नका! बुडालेल्या प्रत्येक पेराला नवी मुळं फुटतात, टेकडी वाढते ती त्यामुळेच. त्याला खरा धोका पावलांचा, गाड्यांचा आणि गुरांचा. ये-जा एकाच वाटेवर ठेवून बाकी भागाला दोरी बांधा. तुकडेही समुद्राकडच्या उतारावरून काढू नका, नाहीतर वारा तिथेच खड्डा पाडतो.

गोंड्यांचं कारण वेगळं आहे. या गवतात नर-मादी झाडं वेगळी. वाऱ्यावर गडगडत जाणारा मोठा काटेरी चेंडू मादीचा. जवळपास नर नसेल तर त्यात दाणा भरत नाही. लांब काट्याच्या बुडाशी असलेलं कणीस नखाने सोलून पाहा. टणक दाणा लागला तरच तीन-चार सेंमी खोल पेरा. नुसतं फोल असेल तर तुकड्यांवरच भर द्या, आणि त्यात नर झाडाचेही थोडे असू द्या.