बायपासमध्ये हृदय थांबवलं तर स्नायूला इजा होते का?

तुमच्या वडिलांची बायपास ठरली आहे. एक सर्जन हृदय थांबवून करू म्हणतात, दुसरे चालत्या हृदयावर. थांबवलेल्या हृदयाच्या पेशींचं आतून काय होतं आणि ती इजा भरून येते का, असं तुम्ही विचारलंय.

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन सांभाळते. गाव अलिबाग तालुक्यातलं, खाडीकाठचं. पेशीचं हे प्रकरण मला आमच्या खारबंदिस्तीवरून नीट कळलं, म्हणून तसंच सांगते.

खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात. पण बांध घातला की काम संपत नाही. खेकडे भोकं पाडतात, लाटा माती नेतात, आणि वडील भरतीच्या आधी चिखलाचे गोळे घेऊन भेगा लिंपत बसायचे. हृदयाच्या पेशीचंही तसंच. पेशी सैल असताना बाहेरचं कॅल्शियम आतल्याच्या सुमारे 10,000 पट असतं. हा फरक राखायला पेशीच्या आवरणातले पंप अखंड राबतात, आणि त्यांना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं.

महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, क्लॅम्प (चिमटा) लागला की हृदयाचा रक्तपुरवठा बंद. एटीपी घटतं, आम्ल साचतं. ते बाहेर टाकताना सोडियम आत येतं, आणि साचलेलं सोडियम काढताना कॅल्शियम.

हे लांबवायला कार्डिओप्लेजिया देतात. भरपूर पोटॅशियम असलेलं द्रावण, बहुतेकदा रक्तात मिसळून थंड केलेलं. मी ते सोडते, आणि बघता बघता मॉनिटरवरची रेघ सपाट होते, आवळलेली मूठ सुटावी तसं हृदय सैल पडतं. धडधड थांबली की ऑक्सिजनची गरज सुमारे 90 टक्के उतरते, गारव्याने आणखी थोडी. आमच्याकडे दर वीस मिनिटांनी पुन्हा डोस असतो. वेळ झाली की मी मोठ्याने सांगते.

मला खरी धास्ती असते ती क्लॅम्प काढतानाची. रक्त परत येतं तसं बाहेरचं आम्ल झटकन धुऊन निघतं, आम्ल, सोडियम आणि कॅल्शियमची ती अदलाबदल वेगाने सुरू होते आणि बांधाला खांड पडून भरती आत घुसावी तसं कॅल्शियम शिरतं. त्याच क्षणी आलेल्या ऑक्सिजनमधून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली एटीपी बनवणारी केंद्रं, घातक मुक्त कण तयार करतात. दोन्ही मिळून मायटोकॉन्ड्रियाची छिद्रं उघडली की ती पेशी गेली. म्हणून बरेच सर्जन क्लॅम्प काढण्याआधी कोमट डोस देतात, आणि सुरुवातीला रक्ताचा दाब कमी ठेवतात.

चालत्या हृदयावर हे सगळं टळतं असं समजू नका. जिथे टाका घालायचा ती एकच रक्तवाहिनी काही मिनिटं अडवतात किंवा तिच्यात छोटी नळी घालून रक्त चालू ठेवतात. इजा छोट्या भागापुरती राहते, रक्तातलं ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) सहसा कमी वाढतं. पण मागच्या बाजूच्या रक्तवाहिनीसाठी हृदय उचलावं लागतं, दाब कोसळतो, आणि घाईने मशीनवर जायची वेळ आली तर ते सगळ्यात वाईट. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 4,752 रुग्णांच्या चाचणीत पहिल्या 30 दिवसांतले मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक आणि डायलिसिस लागणारा किडनीचा बिघाड एकत्र मोजले, तेव्हा दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक दिसला नाही.

भरून येण्याबद्दल. मेलेली पेशी परत येत नाही. पण बऱ्याच पेशी नुसत्या सुन्न होतात, त्यांची आकुंचनाची प्रथिनं काही काळ नीट काम करत नाहीत, आणि काही तासांत ते दिवसांत सावरतात. त्यामुळे ऑपरेशननंतर लगेचच्या इकोत पंपिंग थोडं कमी दिसलं तर डॉक्टरांना विचारा, पण लगेच हाय खाऊ नका. वडिलांच्या महाधमनीत चुन्याचे थर असतील तर तिला क्लॅम्प लावणंच धोक्याचं, तिथे चालत्या हृदयाचा पर्याय मला जास्त पटतो. तसं नसेल तर मी दोघांनाही एकच विचारलं असतं: तुम्ही वर्षभरात यातली कुठली पद्धत जास्त वेळा करता?