पहिल्या भेटीची जागा तूच ठरव

डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेल्या व्यक्तीला भेटायचं ठरवण्याआधी एक व्हिडिओ कॉल करच. दोन मिनिटं पुरतात. दर वेळी कॅमेरा बिघडल्याचं कारण येत असेल तर ती ओळख तिथेच थांबव.

जागा मात्र तू सुचव. मुंबई-दिल्लीत फसवणुकीचा एक प्रकार चांगलाच बोकाळलाय. अ‍ॅपवर मॅच झालेली मुलगी लगेच भेटू म्हणते, पण एकाच कॅफेचा हट्ट धरते. मेन्यूकार्डावर भाव नसतात. ती भराभर ऑर्डर देते, घरून फोन आला म्हणून निघून जाते, आणि तुझ्यापुढे येतं हजारोंचं बिल. दारात बाउन्सर उभे. असं झालंच तर एकट्याने हुज्जत घालू नकोस, पोलिसांच्या मदतीसाठी 112 लाव. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं.

जाताना-येताना रिक्षा स्वतःची कर, घरचा पत्ता इतक्यात देऊ नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालू राहतं, ते एखाद्या जवळच्या मित्राला पाठवून ठेव. आणि समोर बसल्यावर जीव घाबरा झाला, तर कारण न देता सरळ उठून ये.