डबे वाढवण्याआधी

सातारा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. तासगावला घरात पाळलेल्या विंचवांचे चार डबे झालेत, दिवाळीपर्यंत दहा करायचेत आणि त्यात दोन-तीन लाल विंचू हवेत, असं तू लिहिलंस. "मावशी, काय काय लागेल ते सांगा," असंही विचारलंस. सांगते. पण त्याआधी जे सांगणार आहे ते तुला आवडणार नाही. लाल विंचू घरात ठेवायचा नाही. एकसुद्धा नाही, झाकण कितीही घट्ट असलं तरी नाही. तो बघायचा तर माळावर जाऊन बघायचा. घरात काय राहू शकतं आणि माळावरच काय राहिलं पाहिजे, हे आधी ठरव. मग माती कुठली आणि डबा केवढा, हे प्रश्न अवघड नाहीत.

लाल विंचू ओळखता येतो. तांबूस-पिवळसर ते विटकरी रंग, दोन-तीन इंचांचं अंग, चिमटे बारीक आणि शेपटी जाडजूड. काळ्या इंगळीचं, म्हणजे मोठ्या काळ्या विंचवाचं, नेमकं उलट, चिमटे जाड नि फुगीर आणि शेपटी त्या मानानं किरकोळ. ज्याचे चिमटे बारीक त्याची भिस्त विषावर, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. पण तो अंदाजच आहे. त्यावर विसंबून अनोळखी विंचवाच्या वाटेला जाऊ नये.

मी आयुष्यभर औषधाच्या दुकानात उभी राहिले आहे, म्हणून विषाबद्दल जरा सविस्तर लिहिते. लाल विंचवाच्या विषानं मज्जातंतू चेकाळतात आणि ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं अंगात बेसुमार सुटतात. माणसाला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, छाती धडधडते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर फुप्फुसांत पाणी भरतं. लहान मुलांना हे सगळ्यात लवकर आणि सगळ्यात जास्त भोवतं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या अशा रुग्णांवर उपचार करता करता अभ्यास केला. रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे औषध इथे उपयोगी पडतं, हे त्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. प्रॅझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हे २०११ साली 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामामुळे किती घरांतली मुलं वाचली असतील! पण औषध आहे म्हणून विंचू घरात आणावा, असं मला कधीच म्हणता येणार नाही. तुझ्या फोटोत डब्यांच्या मागे भिंतीशी झोळी बांधलेली दिसते. वहिनीचं बाळ त्यात झोपतं ना? मग यावर आणखी बोलायला नको.

तरी कुठेही, कुणालाही विंचू चावला तर काय करायचं ते पाठ करून ठेव. वेळ बघून लिहून ठेवायची. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, उतरवून घ्यायला कुणाकडे न्यायचं नाही. माणसाला धीर द्यायचा, शांत ठेवायचं आणि १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं प्राथमिक आरोग्य केंद्र नाहीतर सिव्हिल गाठायचं. प्रॅझोसिनची गोळी आपल्या मनानं द्यायची नाही. तिनं रक्तदाब एकदम उतरतो, ते काम डॉक्टरांचं.

आता इंगळीकडे येते. माझ्याकडे आजही एकच आहे. माणसं विचारतात, इतकी आवड आहे तर एकच का? कारण एकीकडे नीट बघायलाच माझी रात्र पुरत नाही. तुझ्या चार डब्यांतल्या तिघांविषयी तू पत्रात एक ओळही लिहिलेली नाहीस, फक्त आकार लिहिलास. नर की मादी, कात कधी टाकली, शेवटचं कधी खाल्लं, यातलं काही नाही. दहा डबे झाल्यावर तुझ्या हाती झाकणं उघडणं आणि पाणी घालणं एवढंच उरेल.

कायद्याचंही आधीच बघ. सम्राट विंचू म्हणून जो मोठा काळा आफ्रिकी विंचू विकायला येतो, तो साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २०२४ साली आले आणि अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायचा असतो. विकणारा "पेपर आहेत" म्हणतो, तेव्हा ते पेपर आधी हातात घेऊन वाच. आपल्या इंगळ्यांचं म्हणशील तर शेताच्या बांधावर सापडली म्हणजे आपली झाली, असं समजू नकोस. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. कोयना, चांदोली, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आणि कासच्या पठारावर तर काहीही उचलायचं नाही. तिथला दगडसुद्धा उलटायचा नाही, कारण त्याच्याखालचा ओलावा एकदा उडाला की तिथे राहणाऱ्यांचं घर गेलं.

डब्याविषयी. इंगळी बीळ करून राहणारी आहे, तेव्हा तिला उंचीपेक्षा खोली लागते. तळाला वीतभर माती हवी. तुमच्याकडे द्राक्षांच्या रोपवाटिकांत कोकोपीट मिळतं. ते खत न मिसळलेलं घे, दोन पाण्यांनी धू आणि त्यात शेतातली नव्हे, तर पडीक जागेतली लाल माती मिसळ. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकी ओल ठेवायची. एका कोपऱ्यात पाणी मुरव, दुसरा कोपरा कोरडा राहू दे. कुठे बसायचं ते तिचं ती ठरवते. झाकणाला आणि बाजूंना बारीक भोकं पाड. कोंदट डब्यात बुरशी धरते आणि माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, होतात. काचेवर तिला चढता येत नाही, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या रेघेवरून ती वर येते, म्हणून झाकणाला कडी हवीच. आणि एका डब्यात एकच. दोघी एकत्र सुखानं नांदताना दिसल्या तरी भूक लागल्यावर काय होईल याचा भरवसा नाही.

थंडीत गरम करायची पट्टी लावायची वेळ आलीच तर ती डब्याच्या बाजूला लाव, खाली कधीच नको. उष्मा वाढला की इंगळी खाली खोदत जाते, आणि खालीच पट्टी असली तर ती भाजून निघते. तासगावात मात्र मला थंडीपेक्षा एप्रिल-मे महिन्याची काळजी वाटते. पत्र्याच्या खोलीत दुपारी डबा ठेवलास तर संध्याकाळपर्यंत काही उरणार नाही.

खाण्याच्या बाबतीत तुमच्या भागाचं एक वेगळंच आहे. द्राक्षबागेत सतत औषध मारतात. बागेतला टोळ किंवा नाकतोडा इंगळीला घातलास तर ते औषध तिच्या पोटात जातं. स्वयंपाकघरातलं झुरळही नको, त्यानं कुठल्या घरी काय खाल्लंय कोण जाणे. रातकिडे घरीच वाढव. मोठा डबा, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, गव्हाचा कोंडा आणि गाजराची फोड एवढ्यावर ते वाढतात. मोठ्या इंगळीला आठ-दहा दिवसांतून एक रातकिडा बास झाला. ती महिना महिना उपाशीही राहते, त्यानं घाबरून जाऊ नकोस. कात टाकायच्या आधी तर ती तोंडच लावत नाही. अशा वेळी जिवंत रातकिडा डब्यात राहू देऊ नको. कात टाकलेली इंगळी मऊ आणि दुबळी असते, तो तिलाच कुरतडतो.

ती खाते कशी ते एकदा दिवा मंद करून बघ. रातकिडा सोडला की आधी काहीच होत नाही. त्याच्या पावलांचा कंप मातीतून तिच्या पायांना कळतो, चिमट्यांवरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते, आणि ती जागच्या जागी थोडी वळते. मग एकदम झेप. मोठी इंगळी बहुधा नांगी वापरतच नाही, चिमट्यातच दाबून धरते. त्यानंतर तोंडाजवळचे दोन छोटे जबडे आळीपाळीनं पुढेमागे होऊ लागतात. ती पाचकरस सोडते, भक्ष्य विरघळवते आणि रस शोषून घेते. हे तासभर, कधी त्याहून जास्त चालतं. शेवटी उरते ती पायांच्या आणि पंखांच्या तुकड्यांची एक छोटी गोळी, ती ती बाजूला टाकून देते. ती गोळी चिमट्यानं काढून टाकायची, म्हणजे बुरशी येत नाही.

तुझ्या डब्यातली मोठी मादी असावी, असं मला फोटोवरून वाटतं. पोट फुगलंय आणि सांध्यांच्या मधली पांढरी कातडी दिसतेय. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांनी ती जमिनीवरचे वास हुंगते. नराचे हे कंगवे मोठे असतात. पारदर्शक डब्यात ठेवून खालून फोटो काढ आणि पाठव. गाभण निघाली तर तिला अजिबात हलवू नको. विंचू अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. पांढरीशुभ्र पिल्लं एकेक करून आईच्या पायांवरून पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो, ते डोळ्यांनी बघायचं असेल तर हीच वेळ. पण डबा दोन दोन तासांनी उघडलास, फ्लॅश मारलास, तर बिथरलेली आई स्वतःचीच पिल्लं खाते. पिल्लं गडद होऊन खाली उतरू लागली की ती वेगळी करायची. एवढी पिल्लं कुठे ठेवणार, हे मादी गाभण राहायच्या आधी ठरवायचं असतं.

तू तळहातावर इंगळी घेतलेला फोटो पाठवलास. त्याची रील करायची म्हणतोस. नको. इंगळीनं डंख मारला तर दुखेल, सुजेल, बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं. पण एखाद्याला ॲलर्जी निघते आणि ते आधी कळत नाही. त्याहून मोठं म्हणजे ती तुझ्या हातावर सुखात नसते. हातातून दोन-तीन फुटांवरून पडली तर पोट फाटून मरूही शकते. लांब, टोकाला रबर लावलेला चिमटा घे आणि शेपटीच्या मधल्या पेराला अलगद धर, तेही डबा साफ करण्यापुरतं. शिवाय ती रील बघून एखादा बारका पोरगा दगडाखालचा लाल विंचू हातावर घेईल. त्याला काय माहीत फरक?

विंचवाचं विष लाखोंनी विकलं जातं, म्हणून कुणी भेटायला आलं तर दारातूनच परत पाठव. एका विंचवाकडून मिळतो तो एक इवला थेंब. त्या नादात माणसं पिशव्या भरभरून विंचू गोळा करतात आणि सगळे मरतात.

लाल विंचवाची तुझी ओढ मला कळते. देखणा प्राणी आहे. त्याच्यासाठी ३९५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घे, ३६५ची मिळाली तर आणखी चांगली. अमावास्येच्या आसपास अंधार पडल्यावर माळावर जायचं, घोट्यापर्यंतचे बूट घालून, सोबत कुणीतरी घेऊन. टॉर्च लावली की दगडांच्या कपारीतून विंचू हिरवट-निळे चमकू लागतात. त्यांच्या कवचातल्या काही द्रव्यांमुळे हे होतं. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, कवच टणक झाल्यावरच चमक येते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अल्कोहोलमधे ठेवलेला जुना विंचू असेल तर त्याच्यावरही टॉर्च मारून बघ, तोही चमकेल. माळावरच्या जिवंत विंचवावर मात्र उजेड फार वेळ धरायचा नाही, त्यांना तो टोचतो. जागा, वेळ, ढग होते का, दगड कुठला, नर की मादी, काय करत होता, एवढं वहीत लिही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कोरड्या पट्ट्यात तुला जे दिसेल ते चांदोलीच्या बाजूला दिसणार नाही. असं बघणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

आणि ही टॉर्च हाताशी असली की एक काम कर. ऊसतोडीच्या हंगामात तुमच्या बाजूला खोपी पडतात. बायका पहाटे फडात जातात, लेकरं पाचटावर, जमिनीवर झोपलेली असतात. संध्याकाळी त्यांना विचारून खोपीभोवती आणि अंथरुणाखाली टॉर्च फिरव. सरपण, पाचटाचा ढीग, चपला बघ. सापडला तर तोंड रुंद असलेली प्लास्टिकची बरणी त्याच्यावर पालथी घाल, खालून जाड पुठ्ठा सरकव आणि वस्तीपासून लांब दगडांत सोड. चावल्यावर काय करायचं तेही त्यांना सांग, आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर लिहून दे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे ये. यवतेश्वरच्या बाजूला गावकऱ्यांच्या ओळखीनं जाता येईल अशी जागा आहे, तिथे रात्री दोन-तीन तास फिरू. तोवर डबे चारच राहू देत, झोळी असलेल्या खोलीतून ते आजच हलव, आणि त्या मादीचा खालून काढलेला फोटो पाठव.

तुझी
मावशी